एकोणिसावं कार्ड

बाबांचा फोटो चांगला आला होता, ही पहिली अडचण.

डब्याचा नमुना आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला. पांढरा डबा, नारिंगी झाकण आणि मधोमध बाबा. गळ्यात स्टॉपवॉच, उन्हानं बारीक झालेले डोळे, घट्ट मिटलेले ओठ. धावपट्टीकडे बघताना ते असेच दिसत. आत साठ गोळ्या, रोज एक, थकलेल्या खेळाडूंसाठी. बाई हळू आवाजात म्हणाल्या की घाई नाही, पण महिनाअखेरपर्यंत फोटोला आईची संमती आणि चाचणीच्या अहवालाच्या शेवटच्या पानावर माझी सही मिळाली तर बरं. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबांना जाऊन पाच आठवडे झाले होते आणि एव्हाना कोण खांद्यावर कसा हात ठेवतो यावरून माणसाला काय हवंय ते मला कळायला लागलं होतं.

मी डबा घरी नेला. आईनं तो दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेला आणि बराच वेळ पाहिला.

"एवढी वर्षं पोरांना पळवलं," ती म्हणाली. "पोरांचे फोटो छापून यायचे. हे कायम कडेला. अर्धा खांदा, नाहीतर नुसती टोपी."

सही करायला ती लगेच तयार झाली. पेन सापडेना, म्हणून राहिलं.

बाबा मध्यम आणि लांब पल्ल्याच्या धावण्याचे प्रशिक्षक होते. मैदानाच्या प्रेक्षक-पायऱ्यांखाली त्यांची खोली होती. छत तिरकं, त्यामुळे आत शिरल्यावर चार पावलांनी वाकावं लागे. तिथं मालिशच्या तेलाचा, ओल्या बुटांचा आणि रेषा आखायच्या चुन्याचा मिळून एक वास होता. तो बाबांच्या शर्टाला आयुष्यभर चिकटून राहिला. भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एक पिवळं कार्ड. पोरांनी सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातून उठण्याआधी, मानेवर दोन बोटं ठेवून नाडी मोजायची आणि मैदानावर आल्यावर आकडा कार्डावर लिहायचा. आकडा चार-पाचनं चढला तर बाबा त्या पोराला पळू देत नसत. पोरं रुसत, पालक भांडायला येत. बाबा म्हणत, शरीर दमलंय हे शरीर सांगतं. तुम्ही सांगू नका.

पोरांना झोपेत पूर्ण मिनिट मोजणं जमत नसे, मध्येच डोळा लागे. म्हणून बाबांनी त्यांना सूट दिली होती: अर्धं मिनिट मोजा आणि दुप्पट करा. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मी काम करते ती कंपनी पूरक गोळ्या बनवते. पळताना स्नायूंत जाळ होतो आणि त्याची काजळी पुसायला आमची गोळी, असं विक्री खातं सांगतं. आम्ही प्रयोगशाळेतले लोक तिला अँटिऑक्सिडंट म्हणतो आणि काजळी हा शब्द ऐकला की मान खाली घालतो. काही अभ्यासकांना तर अशी शंका आहे, की ती काजळीच शरीराला शिकवते आणि ती पुसली तर शिकलेलंही पुसलं जातं. हे मी वाचलेलं होतं. पण वाचलेलं सगळं कंपनीत बोलून दाखवायचं नसतं.

नव्या गोळीची चाचणी घ्यायची ठरली तेव्हा अठरा धावपटूंची नाडी वर्षानुवर्षं टिपणारा प्रशिक्षक माझ्या घरातच होता. मी बाबांना विचारलं. निम्म्या पोरांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी, कुणाला कुठली ते कुणालाच माहीत नाही, अशी रीत मी समजावली. बाबांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. मैदानावर आजवर त्यांनी कुणाच्या हातात वेगळं आणि कुणाच्या हातात वेगळं दिलं नव्हतं. पाण्याची बाटलीसुद्धा सगळ्यांना सारखी. "माझ्या निम्म्या पोरांना मी खडू चघळायला लावणार नाही," म्हणाले. "द्यायची तर सगळ्यांना, नाहीतर तुमची गोळी तुमच्यापाशी."

तुलनेला दुसरा गट नसेल तर चाचणीला अर्थ उरत नाही, हे मी बाईंना एकदा सांगितलं. त्या म्हणाल्या, चार आठवडे गोळीशिवाय आणि बारा आठवडे गोळीसकट, तीच तुलना. मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. मूग गिळून बसायला मला वेळ लागत नाही. ते मी नोकरीत शिकले, बाबांकडे नव्हे.

आकडे सुंदर आले. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांची सकाळची नाडी उतरू लागली. सरासरी सहा ठोके. आठशे मीटर पळणारी एक शिडशिडीत पोरगी होती, तिला सगळे टाचणी म्हणत. तिची तर साठावरून चोपन्नवर आली. दर चार आठवड्यांनी कार्डं भरली की बाबा ती रबरात बांधून रविवारच्या जेवणाला आणत आणि मी ताट बाजूला सरकवून तिथंच चाळत बसे.

गोळीच्या पहिल्या चार आठवड्यांच्या गठ्ठ्यात एकोणीस कार्डं निघाली. कुणीतरी नवं पोर आलं असेल, असं मी धरलं.

कार्डांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. तो माझाच नियम. एकोणिसाव्यावरचे आकडे उलट्या दिशेनं चालले होते. चौसष्ट, सदुसष्ट, पासष्ट, एकाहत्तर. मी क्षणभर दचकले आणि मग हसले, कारण मला ते सापडलं होतं. अर्धं मिनिट मोजून दुप्पट केलं तर सदुसष्ट कसे येतील? विषम आकडा येऊच शकत नाही. कुणीतरी न मोजता, मनाला येईल ते लिहिलं होतं.

"बाबा, तुमच्यातलं कुणीतरी थापा मारतंय," मी म्हणाले. "एक कार्ड चक्क खोटं आहे."

बाबांनी कार्ड हातात घेतलं नाही. लांबूनच पाहिलं.

"कशावरून?"

मी सगळं सांगितलं, सम आणि विषम, बोटं नाचवत. मला आठवतं, मी जरा जास्तच खुशीत होते. त्यांनी घास संपवला, पाणी प्याले.

"असेल," ते म्हणाले. "काढून टाक मग."

मी काढून टाकलं. अहवालात वाक्य लिहिलं: 'क्रमांक १९ चे नोंदकार्ड अविश्वसनीय आकड्यांमुळे वगळण्यात आले आहे.' पुढच्या गठ्ठ्यातही ते आलं. मी न वाचता ऑफिसच्या खणात, पहिल्यावर टाकलं.

दहाव्या आठवड्यात, बुधवारी सकाळी, बाबा त्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. वय सदुसष्ट, त्रास काहीच नव्हता, असं मी त्यांना सांगितलं. तेव्हा माझा तसाच समज होता.

पुढच्या सोमवारी नवीन प्रशिक्षक आला. उरलेले दोन आठवडे पूर्ण झाले आणि क्लबच्या कार्यालयानं शेवटची कार्डं माझ्याकडे पाठवली; एकोणिसावं मी न बघताच खणात टाकलं. त्या दोन आठवड्यांत पोरांची नाडी पुन्हा चढलेली होती. बाई म्हणाल्या, साहजिक आहे, पोरं दुःखात आहेत, ते दोन आठवडे गाळा. मीही दुःखात होते. गाळले.

खोली रिकामी करून द्या, असं क्लबचं पत्र आलं तेव्हा मी रजा काढून गेले. टाचणी मदतीला आली होती. सतरा वर्षांची पोर, पण वाकून चालत होती, पाय ओढत. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही, नवे सर रोज पळवतात. बुधवारीसुद्धा.

"बुधवारी काय असायचं?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी माझ्याच घराचा पत्ता विचारला होता.

"ताई, गोळीचं पथ्य. तुमच्याच कंपनीचं ना ते?"

मग तिनं सगळं सांगितलं, बूट पोत्यात भरता भरता. गोळी घेतल्यावर रोज चाळीस मिनिटं आडवं पडायचं, बोलायचं नाही. बुधवारी तर पळायचंच नाही, नाहीतर गोळी पोटात उलटते आणि आठवड्याची मेहनत वाया जाते. हे सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. याआधी सर विश्रांती घ्या म्हणाले की कोण ऐकायचं? पोरं घरी जाऊन चोरून जिने चढायची. पण गोळीचं पथ्य म्हटल्यावर सगळी गुमान चटयांवर पडायची. सर मध्ये उभे, घड्याळ धरून. कुणी कूस बदलली तरी खाकरायचे.

मी खुर्चीवर बसले. असलं कुठलंही पथ्य आम्ही छापलं नव्हतं. बाबांना चाळीस वर्षांत जे मागून मिळालं नव्हतं, ते त्यांनी माझ्या गोळीच्या आडून मिळवलं होतं. सहा ठोके उतरले होते ते चटईवर. आणि मी ते माझ्या कोष्टकात गोळीच्या नावावर चढवले होते.

"आणि सर स्वतः?" मी विचारलं. "ते पडायचे का?"

"सर? त्यांना आम्ही बसलेलंसुद्धा पाहिलं नव्हतं." तिनं आणखी एक बूट पोत्यात टाकला. "गोळी मात्र घ्यायचे. आमच्या सगळ्यांच्या आधी. म्हणायचे, तुमच्या पोटात जाईल ते आधी माझ्या पोटात. पहाटे पाचला मैदान, दुपारी लहानांचा वर्ग, संध्याकाळी पुन्हा आम्ही. आम्ही चिडवायचो, सर, गोळी तुम्हाला लागू पडत नाही, तुम्ही पथ्य पाळत नाही."

मी भिंतीकडे पाहिलं. खिळे. पोरांच्या छातीएवढ्या उंचीवर सरळ रांगेत अठरा. आणि दाराजवळ, हातभर वर, एक.

"तो कुणाचा?"

"सरांचा," टाचणी म्हणाली. "तेही लिहायचे की. अर्ध्या मिनिटाची सूट आम्हाला, स्वतःला नाही. ते पूर्ण मिनिट मोजायचे."

मी उठून खिळ्याला हात लावला. थोडासा वाकडा होता. बाबांना खिळा सरळ ठोकता येत नसे, यावरून आई त्यांना आयुष्यभर बोलत आली.

मग टाचणीनं त्या बुधवारचं सांगितलं, मी न विचारता. सगळी चटयांवर पडली होती. डोळे किलकिले करून तिनं पाहिलं तर सर भिंतीला टेकून खाली बसलेले, मान छातीवर. तिला इतकं बरं वाटलं, ती म्हणाली. तिनं शेजारणीला खूण केली. चाळीस मिनिटं झाली तरी कुणी उठलं नाही. पुढं पाऊण तास, तास. एकदाचे सर झोपलेत, म्हणून त्यांनी बुटांच्या नाड्यासुद्धा आवाज न करता बांधल्या.

हे सांगताना ती रडली नाही. पोत्याचं तोंड बांधत राहिली. गाठ पुन्हा पुन्हा सुटत होती.

मी तिथून सरळ ऑफिसला गेले आणि खण उघडला. तिन्ही कार्डं क्रमानं मांडली. चौसष्टपासून सुरुवात, दुसऱ्या कार्डाच्या शेवटी ब्याऐंशी, तिसऱ्यावर एकोणनव्वद, एक्क्याण्णव. मध्ये एके ठिकाणी आकडा खोडून पुन्हा तोच लिहिलेला. बहुधा विश्वास न बसून पुन्हा मोजलं असावं. शेवटचा भरलेला चौकोन त्या बुधवारचा होता. पुढचे कोरे. वडिलांचं अक्षर मला ओळखता आलं नव्हतं, कारण मी अक्षर बघतच नव्हते. मी आकडे बघत होते.

एका सदुसष्ट वर्षांच्या माणसाच्या नाडीवरून काहीही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. गोळीनं त्यांचं वाईट झालं, असंही मी म्हणणार नाही. म्हातारं हृदय होतं आणि दिवसाचे चौदा तास उभं राहणं होतं. पण गोळी आहे आणि विश्रांती नाही, अशी माझ्या चाचणीत एकच व्यक्ती होती. जो दुसरा गट मिळाला नाही म्हणून मी कुरकुरले होते, तो दाराजवळच्या खिळ्याला लटकत होता आणि मी त्याला खोटारडा ठरवलं होतं.

आईला सांगणं भाग होतं. डबा तिनं कपाटावर, बाबांच्या चष्म्याशेजारी ठेवला होता. मी कार्डं तिच्यासमोर टेबलावर पसरली आणि जेवताना काय झालं होतं त्याची आठवण करून दिली. तिनं कार्डांवरून बोट फिरवलं, ओळ न ओळ.

"मोजायचे रोज," ती म्हणाली. "मी म्हणायचे, डॉक्टरकडे चला. म्हणायचे, बारा आठवडे होऊ देत, लेकीचं काम आहे, मध्येच काही निघालं तर तिचं सगळं विस्कटेल."

"मग त्या दिवशी मी खोटं म्हणाले तेव्हा का नाही बोलले?"

आईनं कार्डं गोळा करून एकावर एक ठेवली. सांगावं की नाही हे ती ठरवत होती, तेवढं मला दिसलं.

"तू गेल्यावर भांडी पुसायला आले माझ्याबरोबर. हसत होते. म्हणाले, पोरगी हुशार आहे, तिला कुणी फसवू शकत नाही."

तिनं कपाटावरचा डबा उचलला, झाकण काढून पाहिलं. नमुनाच तो, आत काही नव्हतं. "पेन सापडलं होतं," ती म्हणाली. "राहू दे आता."

दुसऱ्या दिवशी मी बाईंना दुरुस्त अहवाल दिला. पथ्याचा मजकूर, गाळलेले दोन आठवडे, एकोणिसावं कार्ड आणि ते कुणाचं होतं ते. शेवटी एक ओळ: या चाचणीवरून गोळीबद्दल काहीही म्हणता येत नाही. बाईंनी सगळं वाचलं. त्या वाईट नाहीत. मी वाट बघत होते की त्या वाईट निघतील, पण नाही. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या की वडील गेल्यावर माणूस असं काहीतरी शोधतच राहतं, त्यांचंही झालं होतं. मी महिनाभर रजा घ्यावी. अहवालावर दुसरं कुणीतरी सही करेल, आकडे तर माझेच आहेत, चोख आहेत.

"एकोणिसावं कार्ड?" मी विचारलं.

"ते तर तुम्हीच वगळलंत," त्या म्हणाल्या. अगदी मायेनं.

डबा महिन्याभरात बाजारात आला. त्यावर बाबा नाहीत, कुणीतरी हसरा तरुण आहे, ज्याला मी कधी धावपट्टीवर पाहिलेलं नाही. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलंय, 'दहा आठवड्यांत सकाळची नाडी सरासरी सहा ठोक्यांनी कमी.' ते वाक्य माझं आहे. त्यातला एकही शब्द कुणी बदललेला नाही. मी राजीनामा दिला, तो लगेच मंजूर झाला. दुरुस्त अहवालाची प्रत क्लबला पाठवली. पोच आली, उत्तर नाही. पालकांनाही पाठवली. दोघांचे फोन आले. एकानं विचारलं, मग दुसरी कुठली गोळी चांगली?

परवा दुपारी टाचणी घरी आली. आईनं दार उघडलं आणि तिला आत आणून पंख्याखाली बसवलं. ओठ सुकलेले, नडगीला पट्टी. खिशातून पिवळं कार्ड काढून तिनं माझ्यापुढं धरलं. नव्या सरांनी कार्डं बंद केलीत, ती म्हणाली, हे तिनं स्वतः आखलंय. एकसष्ट, त्रेसष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. विषम आकड्यांवरून मी बोट फिरवलं.

मी म्हटलं, उद्या जाऊ नकोस. ती म्हणाली, शनिवारी निवड आहे, नाही गेले तर नाव काढतील. वर हसून म्हणाली, "गोळी देतात की, ताई. पथ्य तेवढं नाही."

आईनं काही न विचारता आतल्या खोलीत बाबांच्या पलंगावरची चादर बदलली. टाचणी आधी नको नको म्हणाली, मग बूट काढून आडवी झाली. मी बाबांचं स्टॉपवॉच लावलं आणि दाराशी उभी राहिले. मग उभं राहायला कुणी सांगितलंय असं वाटून खुर्ची ओढून बसले. आई स्वयंपाकघरात एकही भांडं वाजू देत नव्हती.

चाळीस मिनिटं झाली. मी हाक मारली. ती हलली नाही. तिची मान भिंतीकडे वळलेली होती आणि चादर हलताना मला दिसेना. मी खुर्चीवरून उठले.

"थांबा ताई," ती डोळे न उघडता म्हणाली. दोन बोटं मानेवर होती. "मोजतेय. मिनिट व्हायचंय अजून."

मी थांबले. पूर्ण मिनिट.

"एकाहत्तर," ती म्हणाली.

मी ते कार्डावर लिहून घेतलं.